सेव्हिलमध्ये मी गप्प बसलो असतो तर

अहो, पण मला बोलायचंच नव्हतं! श्यामराव, तुम्ही मंडळाचे सेक्रेटरी, तुम्हीच सांगा, तुम्ही फोन कुणाला केला होता? सुलभाला! ‘वहिनी, स्पेनला जाऊन आलात, मंडळात वीस मिनिटं बोला की!’ आणि आमची सौभाग्यवती काय म्हणाली? ‘ह्यांनाच बोलवा, तिकडेही हेच बोलले.’ झालं! म्हणून मी इथे उभा. ती बघा, तिसऱ्या रांगेत, मोरपिशी साडी, सगळीकडे बघतेय, फक्त माझ्याकडे नाही... तुम्हाला सांगतो, आठ दिवस सेव्हिल बघितलं, सगळं बघितलं, पण त्या आठ दिवसांत एकदा, एकदाच मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

आता माझं बोलणं पडलं सरकारी. कस्टम्समध्ये चौतीस वर्षं, शेवटची नऊ इथे कलकत्त्यात, खिदिरपूरच्या गोदीत. समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपण विचारायचं, ‘पेटीत काय आहे?’ ती सवय. कांडला, विशाखापट्टणम, कोची, मग कलकत्ता... दर बदलीला नवी भाषा, आणि घरमालकाशी, दूधवाल्याशी, प्लंबरशी बोलणार कोण? मी! एस्प्लनेडला साडी घ्यायला गेलो तरी सुलभाने नुसतं बोट दाखवायचं आणि ‘दादा, ओइटा देखान तो’ मी म्हणायचं. इतक्या वर्षांत तिला बंगाली आलं नाही, तर मी चारचौघांत हसून सांगायचो, ‘हिला भाषेचं अंगच नाही हो!’

आणि हीच बाई साठाव्या वर्षी स्पॅनिश शिकली!

त्याचं असं झालं, बुक फेअरला स्पेनच्या मंडपात तिला एक माहितीपत्रक मिळालं. सेव्हिलचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं, लगडलेली! हिचं माहेर नागपूर, मग काय, विरघळलीच. दोन वर्षं दर शनिवारी सॉल्ट लेकला क्लास, सोबत आपली नूपुर, ती सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत आहे ना, तीच. इकडे फोडणी तडतडतेय आणि हिची क्रियापदं चाललीयेत! मी म्हटलं, ‘अगं, तिथे इंग्लिश चालतं.’ तर म्हणाली, ‘तुमचं चालेल. मला बोलायचंय.’ ऐकलंत? मला बोलायचंय! इतकं साधं मराठी वाक्य, आणि मला मेल्याला कळलं नाही.

पहिल्याच दिवशी हॉटेलात... म्हणजे खायच्या हॉटेलात हो... वेटर आला. सुलभा सरसावून बसली, ‘मांस नको’ हे तिला अस्सल स्पॅनिशमध्ये येत होतं. पण मी गप्प बसेन तर ना! ‘नो मीट! नो काऊ!’ आणि त्याला काऊ कळावी म्हणून डोक्यावर दोन बोटं लावून शिंगं करून दाखवली. त्याचा चेहरा असा उजळला, मला हाताला धरून दारात नेलं आणि बैलांच्या झुंजीच्या मैदानाचा रस्ता दाखवला! मी परत आलो तर सुलभा पाव खात बसलेली. कोरडा.

मग ते प्रचंड चर्च, त्याचा मनोरा, आत पायऱ्याच नाहीत, वर जायला नुसता चढ! का? तर पूर्वी म्हणे घोड्यावरून जायचे. हे मी वाचून गेलो होतो, त्यामुळे वर जाईपर्यंत पुढच्या जपानी जोडप्याला समजावून सांगत होतो, ती बिचारी धापा टाकत ‘येस, येस’ करतायत. राजवाडा झाला, बागा झाल्या, आणि मग ती संत्र्यांची झाडं. खाली एक माणूस रस्ता झाडत होता. सुलभा त्याच्याकडे वळली, विचारणार होती, ही संत्री खातात का? मी म्हटलं, ‘कडू असतात, मी वाचलंय.’ अहो, तिला उत्तर नको होतं हो! तिला प्रश्न विचारायचा होता! मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? संत्री काय गोड होणार होती?

शेवटचा दिवस. तिथे एक मोठा अर्धगोल चौक आहे, भिंतीला लागून रंगीत फरश्यांचे बाक. एका बाकावर एक आजीबाई पंख्याने वारा घेत बसलेल्या. सुलभा शेजारी टेकली. आजींनी तिच्या साडीचा पदर बोटांनी चाचपून पाहिला, माझ्याकडे हात करून काहीतरी विचारलं. सुलभाने पर्स घट्ट धरली, मोठा श्वास घेतला आणि बोलली, ‘एस्ते एस...’ आणि मी! मी मध्ये! ‘नो स्पॅनिश! इंडिया! कलकत्ता!’ वर मोबाइलमध्ये हावडा ब्रिजचा फोटो! आजी हसल्या, पंखा मिटला, निघून गेल्या. सुलभा म्हणाली, ‘चला, उशीर होतोय.’ त्यानंतर ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. विमानतळावरच्या मुलीने तिला निरोपाचं ‘आदिओस’ म्हटलं, तर हिने माझ्याकडे बघितलं. मी उत्तर द्यावं म्हणून. ते बघणं... ते नाही जात हो डोळ्यांपुढून.

परत आल्यावर तिची वही हाताला लागली. तीनच वाक्यं पानभर घोटलेली, सुरुवात तीच, ‘एस्ते एस’. मी नूपुरला गाठलं. ती म्हणाली, ‘काका, काकूने तीन महिने पाठ केलंय हे!’ मग अर्थ सांगितला... ‘हे माझे यजमान. छत्तीस वर्षं मी यांच्यासोबत परक्या गावांत राहिले. हे बरोबर असले की मला कुठलंच गाव परकं वाटत नाही.’

आता सांगा! जन्मात पहिल्यांदा बायको चारचौघांत माझं कौतुक करणार होती, तेसुद्धा परक्या देशात, परक्या भाषेत, आणि तिला गप्प कुणी केलं? मीच!

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो, चुकलं माझं. सुलभा, ये. हा माइक घे आणि ती वाक्यं म्हण, तुझ्या तोंडून, त्यांच्या भाषेत. मी गप्प. एकदम गप्प... अगं मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाहीये... नाही नाही, मी गप्प आहे, तू बोल... काय?

म्हणतेय, ‘अर्थासकट सगळं तुम्हीच सांगून मोकळे झालात, आता मी काय बोलू?’

घ्या! सेव्हिलला निदान तिचे दोन शब्द तरी झाले होते... श्यामराव, हा माइक बंद कुठून होतो हो?