दोनशे एकर काहीच नाही

नाही, पण मला एक सांगा, गवत म्हणजे काहीच नाही का हो? म्हणजे उभं गवत, कमरेएवढं, वारा सुटला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकदम वाकतंय, वर चंडोल ओरडतोय, मधूनच खोकड पळतंय... अन् माणूस गाडीतून उतरतो, गॉगल डोक्यावर करतो, चौफेर बघतो अन् विचारतो काय, तर, 'पण तिथं आहे काय?' तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं झाली मी एका पर्यावरण संस्थेची जीप चालवतोय, अन् हा प्रश्न एवढ्या वेळा ऐकलाय की आता घरी बायकोनं डबा उघडून विचारलं, अहो यात आहे काय, तरी माझं डोकं फिरतं.

मी कल्याण. ड्रायव्हर. म्हणजे गोष्ट माझी नाहीच, गोष्ट आमच्या रिझवानसरांची, मी आपला पुढच्या सीटवर बसून ऐकलेली. ड्रायव्हरला कान नसतात अशी साहेबलोकांची एक समजूत असते, बरं का, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकायला मिळतं. तर रिझवानसर म्हणजे संस्थेच्या जमीन अन् वन्यजीव विभागाचे प्रमुख. हेड ऑफिस पुण्याला, सर नगरला. अन् प्रमुख म्हणजे किती जणांचे? तर एक मी, एक जीप अन् एक दुर्बीण, तिचीही एक बाजू धुरकट. झाला विभाग!

सरांच्या आई, हाजराबी, मुकुंदनगरला राहतात. एका पुतण्याचं टायरचं दुकान, दुसऱ्याचं मंगल कार्यालय, अन् पोटचा पोरगा एम.एस्सी. होऊन काय करतो, तर गवत राखतो. शेजारणी विचारायच्या, त्या माउली सांगायच्या, जंगल खात्यात मोठा साहेब आहे. आता नगरला जंगल कुठलं, असं कुणी विचारायचं नाही, हे त्यांचं नशीब. एकदा सर त्यांना माळ दाखवायला घेऊन गेले. म्हातारी गाडीतून उतरली नाही, काचेतून बघितलं अन् म्हणाली, बेटा, यहाँ है क्या? घ्या! सख्खी आई.

तर हा माळ. तिसगावच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाही, उगाच कशाला. त्या गावाचं गायरान, दोनशे एकर. खाली मुरूम, वर वीतभर माती, तलाठ्याच्या दप्तरात नोंद 'पडीक'. सर गेले तलाठ्याकडं, म्हणाले यात लांडगा आहे, चिंकारा आहे, धाविक पक्षी आहे, याला पडीक कसं म्हणता? तलाठी भला माणूस, त्यानं सगळं दप्तर उलटंपालटं केलं अन् म्हणाला, सर, लांडग्याला रकाना नाही.

पण रकान्याचं जाऊ द्या, खरी अडचण होती गोरक्षनाथ नाना. चाळीस शेरडांचा मालक, ऊसतोडीला गेला की गाव त्याची वाट बघतं, पंचायतीत त्याच्या शब्दावर हात वर होतात. माळावर पहिली शेरडं त्याची अन् लांडग्यानं नेलेली पहिली शेळीही त्याचीच. मग करायचे काय हे लोक? लांडग्यानं अर्धवट टाकलेल्या शेळीत औषध भरायचे. औषध म्हणजे विष, पण आमच्याकडं सगळ्यालाच औषध म्हणतात. लांडगा खातो, मरतो, त्याला खाऊन कोल्हा मरतो, गिधाडं तर कधीच संपली. नाना हे उघड सांगायचा, लपवाछपवी नाही.

सर वर्षभर त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. वर्षभर! मनकर्णाबाई, म्हणजे नानाची मालकीण, चहा करून करून कंटाळली, शेवटी म्हणाली, द्या की हो त्यांना काय पायजे ते, साखर तरी वाचंल. सरांचं म्हणणं एवढंच की माळावर चराई बंद करा, गवत वाढू द्या, दिवाळीनंतर कापून न्या, अन् शेळी गेली तर मला सांगा, औषध नको. नाना म्हणाला ठीक, पण मग तुमीबी शब्द द्या, आमी जनावर लावनार न्हाई, तुमी लोखंड लावायचं न्हाई. नांगर न्हाई, कुदळ न्हाई, जेसीबी न्हाई. अन् शब्द द्यायचा कसा? बेलभंडारा सरांचा नाही, कुराणाला हात लावा म्हणणारा मी कोण, असं नानाच म्हणाला. मग त्यानं माळावरची एक काडी उपटली, पवन्या गवताची, अन् सरांच्या हातात दिली. म्हणाला, ही धरून बोला. सरांनी धरली अन् बोलले. मी होतो तिथं. मला वाटलं होतं हसू येईल, पण नाही आलं.

मग आठ वर्षं. आठ वर्षं म्हणजे किती, सांगू? मी गाडीचे तीन क्लच बदलले. पहिल्या दोन वर्षांत नुसती कुसळी, चालावं तर मोजे सोलून निघायचे. मग पवन्या आला, मारवेल आला, धाविक अंडी घालायला लागले. दिवाळीनंतर मनकर्णाबाई तीस-चाळीस बायांना घेऊन माळावर उतरायची, पेंढ्या बांधायची, अन् कुणी एक पेंढी जास्त उचलली तर अख्ख्या माळाला ऐकू जाईल असं बोलायची. अन् सर दर वर्षी पुण्याला अहवाल पाठवायचे. त्या अहवालात पहिलाच रकाना: 'लावलेली झाडे'. सर लिहायचे, शून्य. आठ वर्षं, आठ शून्य. पुण्याहून फोन यायचा, सुकन्या मॅडमचा, त्या आमच्या संचालक, बाई वाईट नाहीत हो, गोड बोलतात हीच अडचण आहे. म्हणायच्या, 'रिझवान, फोटोत सगळं पिवळं दिसतंय रे, मी लोकांना दाखवू काय? तिथं आहे काय?'

अन् एक दिवस सकाळी नानाचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला. नाना म्हणाला, तुमच्या लांडगीनं माझी गाभन शेळी न्हेली. गाडीत नुसता डिझेलचा आवाज. म्हणलं, संपलं, आता औषध. तेवढ्यात नाना म्हणाला, 'न्हेऊ द्या. तिला चार पिलं हायेत, म्या मोजली.' अन् फोन ठेवला. सरांनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली, उतरले, अन् करंजी घाटात रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस रडतोय अन् मी आपला आरशात बघतोय. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तिथं काय आहे.

तर एवढं सगळं जमलं... म्हणजे आता वाट लागायची वेळ झालीच होती, नाही का?

कुठलीतरी एक कंपनी, मोठी. त्यांना पाच जूनला झाडं लावायची होती. किती? अकरा हजार एकशे अकरा. हा आकडा कुठून आला, कुणास ठाऊक, सत्यनारायणाच्या दक्षिणेसारखा वर एक लावून आला. अन् एवढी जागा, एकसलग, रस्त्याला लागून, जिथं गाव भांडत नाही, अशी महाराष्ट्रात कुठं सापडणार? सरांनी आठ वर्षं घालवून तयार केलेली, तीच! सरांनी अठरा पानांचं पत्र लिहिलं. तिथं झाड जगत नाही, खाली मुरूम आहे, माळाला झाडच नको असतं, गवत हीच त्याची तब्येत आहे. मॅडमनी वाचलं, खरंच वाचलं. अन् म्हणाल्या, मला सगळं पटतं रे, पण आपण नाही म्हणालो तर ते दुसऱ्या संस्थेला देतील, ती बुलडोझरच फिरवील. तू असलास तर निदान जपून होईल.

अन् इथं आमचे सर फसले बघा. चांगल्या माणसाला बुडवायचं असेल तर त्याला दम देऊ नका, त्याला सांगा, तू असलास तर कमी वाईट होईल. लगेच येतो. सर मला म्हणाले, कल्याण, मी असलो तर निदान लांडगीच्या बिळाचा कोपरा तरी वाचवीन. मी म्हणलं, अन् नानाला काय सांगणार? सर म्हणाले, सांगतो. पण तुम्हाला सांगतो, नाही सांगितलं. तीन वेळा आम्ही त्या ओट्यावर गेलो, तीन वेळा चहा पिऊन, पावसापाण्याचं बोलून परत आलो. जीभच उचलली नाही त्या माणसाची.

पाच जून. सात बसगाड्या. एकसारखे टी-शर्ट, एकसारख्या टोप्या, डीजे. ट्रॅक्टरला गिरमिट लावून आदल्या चार दिवसांत खड्डे पाडलेले, अन् एक जेसीबी, कशाला तर स्टेजला जागा करायला. ती जागा नेमकी बिळाच्या कोपऱ्यात, कारण तिथून म्हणे बॅकग्राउंड चांगला येतो. कंपनीचा साहेब उतरला, चार पावलं चालला, मोज्यात कुसळं घुसली, म्हणाला हे तण आधी काढून का नाही घेतलं? तण! अन् टिटव्यांची अंडी त्याच जमिनीवर, त्या बिचाऱ्या डोक्यावर घिरट्या घालून जीव तोडून ओरडतायत, अन् माईकवरचा निवेदक म्हणतोय, बघा, पक्षीसुद्धा आपल्या स्वागताला आलेत, जोरदार टाळ्या. अन् लोकांनी वाजवल्या, राव.

मग नाना आला. मला वाटलं आता शिव्या घालतो, हात उचलतो, अन् मनातून मला ते हवंच होतं. तो त्या टोप्यांमधून सरळ चालत आला, सरांच्या समोर उभा राहिला. सर काहीतरी बोलायला गेले. नाना वाकला, एक काडी उपटली, सरांच्या हातात दिली अन् आला तसा निघून गेला. तेवढ्यात फोटोवाल्यानं हाक मारली, सर, इकडं, साहेबांच्या शेजारी. तो फोटो पुण्याच्या ऑफिसात दारातच लावलाय, तुम्ही गेलात तर बघा. सरांच्या एका हातात गुलमोहराचं रोप आहे, दुसऱ्या हातात काय आहे ते कुणाला कळत नाही. त्या वर्षीच्या अहवालात पहिल्या रकान्यात अकरा हजार एकशे अकरा. संस्थेला पुरस्कार मिळाला.

रोपं संक्रांतीपर्यंत गेली. सगळी. खड्ड्याखड्ड्यात गाजरगवत माजलं, त्याला तर शेळीही तोंड लावत नाही. गावानं म्हणलं, बंदी कशाची पाळायची आता, अन् शेरडं सोडली. लांडगी पिलं घेऊन पलीकडच्या शिवारात गेली होती. त्या गावात आमचे सर कधी कुणाच्या ओट्यावर बसले नव्हते. फेब्रुवारीत तिथं लांडगे मेलेले सापडले, एक मोठी मादी अन् दोन लहान. औषध. सर बघायला गेले, मी गाडीतून उतरलो नाही. परत येताना त्यांनी दुर्बीण डिकीत टाकली, ती अजून तिथंच आहे.

आता खरी गंमत ऐका. गेल्या महिन्यात मॅडमचा फोन. आवाज एकदम फुललेला. म्हणाल्या, 'रिझवान, सध्या सगळीकडं गवताळ प्रदेशांचंच चाललंय! तू आठ वर्षं जे सांगत होतास, तेच! आपण तोच माळ घेऊ. प्रमुख अर्थात तूच.' म्हणजे बघा, झाडं लावून मारलेला माळ आता गवत वाढवून जगवायचा. कंपनी कोण? तीच. साहेब? तोच. मोजे तेवढे नवीन घेतले असतील.

तर परवा आम्ही पुन्हा त्या ओट्यावर. मनकर्णाबाईनं चहा ठेवला, काही बोलली नाही, साखरेचंसुद्धा नाही. सरांनी या वेळी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझी चूक झाली म्हणाले. मेलेल्या लांडगीचं अन् दोन पिलांचं सांगितलं. मग म्हणाले, पुन्हा आठ वर्षं चराई बंद करावी लागेल नाना, मी पुन्हा शब्द देतो. अन् सवयीनं हात पुढं केला, काडी धरायला.

नानानं ओट्यावरून माळाकडं बघितलं. नुसता मुरूम अन् खड्डे. काडी शोधायलासुद्धा तो उठला नाही.

'करा की बंद,' तो म्हणाला. 'आमी कशाला न्हाई म्हनू? आता तिथं हाय काय?'

अकरा वर्षांत सगळ्या जगानं विचारून झालं होतं. आई, मॅडम, गॉगलवाले साहेब. या एकाच माणसानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं चराईबंदीच्या ठरावावर सही केली. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला, गाडीत बसले. करंजी घाट लागला. मग म्हणाले, कल्याण, गवत यायला किती वर्षं लागली होती रे? मी म्हणलं, आठ. अन् तुम्हाला रिटायर व्हायला, सर?

म्हणाले, सात.