सुधींद्र आणि थर्माकोलचा मासा

...आणि वर शिव्या कोणाला? तर सुधींद्रला! ज्याने माशाच्या पोटात थर्माकोल कोंबला त्याला नाही, ज्यांनी तो कोंबायला लावला त्यांना नाही, काठावर तोफांसारख्या लेन्स मांडून बसलेल्या त्या पलटणीला तर नाहीच नाही... शिव्या सुधींद्रला! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी कावेरीत छातीभर पाण्यात उभा राहून हा माणूस इतका ओरडला, इतका ओरडला, की म्हैसूरजवळ हूटगळ्ळीला घरी पोचेपर्यंत घशातून नुसती हवा यायला लागली. आणि चूक कोणाची? सुधींद्रची!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हीपण त्यालाच वेडा म्हणाल.

सुधींद्र म्हणजे आमच्या अंबुबाईंचा मुलगा. कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा माणूस घरी येऊन शांत राहील कसा? घरी आमचं म्हैसूरचं मराठी, वाक्य मराठीत सुरू होतं, मध्येच कन्नडमध्ये शिरतं आणि कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही, पण सुधींद्रला राग आला की मराठी सुरुवातीलाच संपतं! आणि या रागीट माणसाला वेड कसलं? तर रानातल्या गरुडांचे फोटो काढायचं! तेही प्रवासात! गाडी घाटात असो, देवाच्या दारात असो, आभाळात काही गोल फिरताना दिसलं की हा खाली उतरलाच. हासनला मेहुणीच्या लग्नात इकडे अक्षता पडतायत आणि हा कार्यालयाच्या गच्चीवर, का, तर वर सर्पगरुड घिरट्या घालत होता! कुटुंबाच्या फोटोत सगळे आहेत, सुधींद्र नाही. बायको सहाना, बिचारी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, रविवारी जरा गाडीतून फिरायला मिळावं तर पुढच्या सीटवर कोण? लेन्स! पट्टा लावून! आणि सहाना मागे, डबा मांडीवर.

पण एक फोटो त्याला मिळत नव्हता. मत्स्यगरुड. राखाडी डोक्याचा, धिप्पाड, तासन् तास फांदीवर बसून राहील, बसून राहील... आणि मग एकदम खाली झेपावून पाण्यातून मासा उचलेल. तो क्षण! त्या एका क्षणासाठी हा किती धरणांवर आणि तळ्यांवर उन्हात भाजला, त्याला गणती नाही. गरुड तरी कसा? हा पाणी प्यायला मान वळवणार आणि तेवढ्यात तो मासा घेऊन जाणार! चूक कोणाची? सुधींद्रची! पाणी कशाला प्यायचं?

तर एकदा कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं, कृष्णराजनगरकडे कावेरीकाठी एका उंच झाडावर मत्स्यगरुडाचं घरटं आहे, आत पिल्लू आहे. झालं! रविवारी पहाटे गाडी काढली, लेन्स पुढे, सहाना मागे. तर अंबुबाई चपला घालून दारात उभ्या. "नदीवर जातोस आणि मला नाही नेत? मी पाय धुऊन येते, तू तुझी घार बघ."

"आई, घार नाही ती, गरुड आहे."

"अय्यो, असू दे रे, मी काय दोघांना जेवायला बोलावणार आहे? चल!"

पोचले. काय जागा होती तुम्हाला सांगतो... भाताची शेतं, संथ पाणी, पलीकडच्या काठावर ते झाड, झाडात काटक्यांचा मोठा ढीग आणि त्या ढिगातून मध्येच वर येणारं एक पांढुरकं डोकं! सुधींद्र झुडपामागे बसला, कॅमेरा लावला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सहानाने त्याला शांत बघितलं. अंबुबाईपण हळू आवाजात बोलायला लागल्या, म्हणजे बघा!

"पिल्लू आहे रे आत?"

"हो आई."

"म्हणजे बाळंतिणीचं घर. मग लांबूनच काढ हो फोटो, जवळ जाऊ नकोस."

"लांबच आहे आई, म्हणून तर एवढी मोठी लेन्स घेतली."

इतकं गोड चाललं होतं... आणि जीप आली! एक नाही, दोन! दारं धाडधाड, गाणी चालू, चिप्सची पाकिटं, आणि उतरली ती पलटण. म्होरक्या कोण, तर बंगळुरूचा शरत, गुडघ्यापर्यंत बूट, अंगावर फांद्या-पानांचं चित्र असलेले कपडे, लपायला हो, लपायला! आणि गाणी लावून लपायचं! बरोबर उदय नावाचा स्थानिक गाइड, हातात बादली. बादली कशाला? सुधींद्र उठला, गेला बघायला. तपासायची सवय ना! तर उदय मेलेले मासे घेऊन बसलेला आणि एकेकाच्या पोटात बोटाने थर्माकोलचे तुकडे दाबतोय!

"येन् माडताइद्दीरा?" हे काय करताय म्हणून सुधींद्रने विचारलं. बघा, कन्नड सुरू झालं, म्हणजे पारा चढला.

उदय अगदी नम्र हो. "सार, मेलेला मासा बुडतो सार. तरंगायला पाहिजे, अल्वा, हो की नाही? तरंगला की पक्षी येतो, पक्षी आला की फोटो."

"आणि ते थर्माकोल त्याच्या पोटात गेलं की?"

"आजपर्यंत एकापण पक्ष्याने तक्रार केली नाही सार."

ऐकलंत? तक्रार केली नाही! गरुडाने काय अर्ज लिहून द्यायचा होता? सुधींद्रच्या कानशिलाची शीर उडायला लागली. तेवढ्यात शरत आला, खांद्यावर हात ठेवला. "ब्रो, चिल! सगळीकडे असंच करतात. तुम्हीपण लावा ना कॅमेरा, ऊन बघा कसलं सुंदर पडलंय. उदय, टाक रे!"

आणि खोटं कशाला सांगू, एक क्षण सुधींद्रची नजर आपल्या कॅमेऱ्याकडे गेली. सोनेरी ऊन, आरशासारखं पाणी, फांदीवर गरुड मान वाकवून खाली बघतोय. इतकी वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली तो फोटो समोर येऊन उभा. फक्त झुडपामागे जाऊन बसायचं आणि बटण दाबायचं. कोण विचारणार होतं? तेवढ्यात घरट्यात ते पांढुरकं डोकं वर आलं आणि पिल्लाने चोच उघडली. हा मासा आई स्वतः खाणार नाही हो... त्या चोचीत भरवणार!

उदयने मासा भिरकावला. आणि सुधींद्रने उडी मारली!

बुटांसकट, खिशातल्या फोनसकट, चष्म्यासकट! मागून सहाना ओरडतेय, "अहो! अहो!" पुढे मासा तरंगत चाललाय, वरून गरुड सुटलाय, आणि मध्ये हा पाणी कापत, एक बूट चिखलात सोडून, छातीभर पाण्यात जाऊन त्याने माशावर अंगच टाकलं. आणि त्याच क्षणी डोक्यावरून पंखांचा वारा! हाताच्या अंतरावर, तुम्हाला सांगतो, हाताच्या अंतरावर तो पक्षी आला, नख्या पुढे काढलेल्या, पिवळा डोळा सरळ याच्या डोळ्यात... आणि वळला. पाणी न शिवता वर गेला. जगातला कुठला फोटोवाला इतक्या जवळ गेला असेल? आणि सुधींद्रच्या हातात काय? मासा!

मग काठावर जे सुरू झालं! "मूर्ख आहे का हा!" "शॉट घालवला!" "पक्ष्याला घाबरवलं, याच्यावर केस करा!" ऐका हो! पक्ष्याला कोणी घाबरवलं? यानेच! चूक कोणाची? सुधींद्रची! आणि सुधींद्र पाण्यातून मासा हलवत कन्नडमध्ये जे काही बोलला ते मी इथे सांगू शकत नाही, समोर बायाबापड्या बसल्यात.

पण खरी गंमत पुढे. अंबुबाई! पाय धुवायला आलेली बाई पदर खोचून उठली, बादलीजवळ गेली, एक मासा उचलला, पोट दाबून बघितलं, तर बोटाला पांढरे मणी चिकटले. आमची मराठ्यांची घरं, माशाची परीक्षा त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. "मेल्या उदय का कोण तू, तुझ्या घरी पोरं आहेत ना? त्यांच्या भातात हे कालवून वाढशील?"

उदयची मान खाली. "अम्मा, हे लोकच सांगतात..."

"हे लोक उद्या जातील. नदी कोणाची आहे?"

अंबुबाईंनी बादली उचलली, गाडीच्या डिकीत ठेवली आणि डिकी लावली! शरतची हिंमत झाली नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला 'ब्रो, चिल' म्हणणार कसं?

परत येताना गाडी सहानाने चालवली. लेन्स मागे टाकली आणि नवऱ्याला पुढे बसवून पट्टा लावला. ओढणीने त्याचं डोकं पुसलं. तो मात्र अजून कन्नडमध्येच होता, आवाज बसत चाललेला.

आणि संध्याकाळी व्हिडिओ! शरतने टाकला. थर्माकोल त्यात कुठेच नाही हो, सुरुवातच उडीपासून! वर लिहिलं, 'भुकेल्या गरुडाच्या तोंडचा मासा पळवणारा माणूस.' म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत सगळ्यांनी बघितला. वॉचमन हसतोय, साहेब हसतोय, मोहल्ल्यातला शिंपी माप घेता घेता विचारतोय, "मासाच पाहिजे होता तर मार्केटात नाही का मिळाला?" सुधींद्र सहानाच्या फोनवरून एकेकाला उत्तर लिहीत बसला, थर्माकोल, पिल्लू, चोच... जितकं समजावतोय तितके लोक जास्त हसतायत! चूक कोणाची? सांगा, सांगा!

पण एक झालं. त्या जागेकडे कॅमेरेवाले फिरकेनात. "नको रे, तिथे तो वेडा येतो!" आणि बऱ्याच दिवसांनी उदयचा फोन आला, नंबर कुठून मिळवला कोण जाणे. सुधींद्र तयारीतच होता, तोंड उघडलंच होतं, तर पलीकडून, "सार, धंदा बसला सार... पण पिल्लू उडालं. काल बघितलं मी. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

सुधींद्रने फोन ठेवला. रागवायला काही सापडेना!

पुढच्या रविवारी गेला की लगेच. मत्स्यगरुड फांदीवरच होता. त्याने याला बघितलं... आणि हळूच, अगदी हळूच, पाठ फिरवली! सगळी सकाळ! हा डावीकडे गेला, तो उजवीकडे वळला. हा उजवीकडे, तो डावीकडे. शेवटी सुधींद्रने पाठीचाच फोटो काढला, मोठा करून, चौकट लावून दिवाणखान्यात टांगला. तपकिरी पाठ, थोडी शेपूट, चोचीचा पत्ता नाही.

परवा शेजारच्या कमलाक्षीबाई हळदीकुंकवाला आल्या. फोटोसमोर थांबल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "अय्या, कोंबडी किती छान आलीय हो!"

सहानाने हातातला ट्रे खाली ठेवला. अंबुबाईंनी डोळे मिटले.

सुधींद्रने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा कमलाक्षीबाईंकडे, आणि म्हणाला,

"हो. गावठी आहे."