नदीतून आत, चार-पाच दिवस

बोटीच्या सहलींचं तुमचं बोलणं ऐकलं आणि मला आमचा बापूकाका आठवला. स्वातंत्र्यानंतरची पहिली चार-पाच वर्षं असतील. काका मालवाहू बोटीवर खलाशी होता आणि दीड-दोन वर्षांनी एकदा कल्याणला घरी यायचा. आला की चहाबरोबर त्याची कोडी सुरू व्हायची.

"ओळखा," तो त्या दिवशी म्हणाला, "समुद्र सोडून आमची बोट चार-पाच दिवस नदीतूनच आत चाललेली. दोन्हीकडे नुसतं जंगल. शेवटी बंदर लागलं. कुठलं?"

"बसरा," बाबा म्हणाले.

"बसऱ्याला कुठलं आलंय जंगल, दादा?"

मी कलकत्ता म्हणाले, तर तो खो खो हसला.

"मनाऊस," स्वयंपाकघरातून काकू म्हणाली. "ब्राझीलमध्ये आहे."

काकू कधी ठाण्याच्या पलीकडे गेलेली नव्हती. काकाचा कप हातातच राहिला. "तुला गं कसं माहीत?"

"आपली सुमन झाली तेव्हा तुमची बोट तिथेच होती ना? तार तिथेच केली होती. मग तुमच्या या पुतणीच्या शाळेच्या नकाशात शोधलं, तुम्ही किती लांब आहात ते."

तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, पण काकाचा चेहरा उतरला. तो उठला, आत गेला आणि चुलीपाशी तिच्यासमोर पाट घेऊन बसला.

"त्या दिवशी इथे काय काय झालं, ते सांग मला," तो म्हणाला. "अगदी सगळं."

काकू सांगायला लागली, आणि आम्हाला काही दुसरा चहा मिळाला नाही.