मंदाकिनीचा अंगठा

आणि वर मलाच विचारतात, आजोबा, तुम्ही भूत कशाला झालात? आता याला काय उत्तर द्यायचं? मी शामराव. चौथी शिकलेला, जन्मभर एसटी चालवलेला, कमी बोलणारा माणूस. कंडक्टरनं घंटीचे दोन टोले दिले की गाडी काढायची, एक दिला की थांबवायची, त्यात बोलायचं काय? घरातही तसंच. माझी बायको मंदाकिनी बोलायची आणि मी आपला हं म्हणायचो. समोरचं माणूस बोललं की हं म्हणावं. ऐकतोय, एवढंच कळवायचं असतं ना?

तर तुम्हाला सांगतो, मुलाची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून इथं जयपुरात, सोडाल्याला आलो. मी नाही रमलो, मंदाकिनी रमली. शेजारणींशी मोडक्या हिंदीत गप्पा, त्यांच्याबरोबर चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला काय गेली, तिथं त्या दिवशी शिळंच खायचं म्हणून ताक-बाजरीच्या थंडगार राबडीचं भांडं हातात धरून, उन्हानं डोळे बारीक करून फोटो काय काढला, आणि तोच फोनवर लावला. या थंडीत ती गेली. फोन राहिला कपाटात. देवदत्त, आमचा मुलगा, त्याचं रिचार्ज अजून करतो. म्हटलं, कशाला? तर म्हणाला, "बाबा, बंद करवत नाही." मी आपला हं म्हणालो.

मग उन्हाळा लागला, कूलर सुरू झाले आणि माझा बटणांचा फोन कूलरच्या पाण्यात पडला. आता हे मुलाला सांगायचं? मी? वस्तू सांभाळत नाही म्हणून लहानपणी ज्याच्या कानाखाली वाजवली, त्याला? नाव नको. गुपचूप मंदाकिनीचा फोन काढला, चार्जिंगला लावला, बाल्कनीत बसलो. तो पेटला, तिचा डोळे बारीक केलेला चेहरा समोर आला, आणि काय सांगू... टिंग, टिंग, टिंग, थांबेचना, जणू आतून कोणी दार ठोठावतंय आणि बाहेर कुणाचं लक्षच नाही. गेलेल्या बाईला एवढं कोण बोलावतंय? बघतो तर फोटो गार्गीचा. आमची नात, दहावीतली. भिंतीपलीकडे बसलेली पोरगी.

मजकूर सगळा इंग्रजी अक्षरांत. ही पोरं मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहितात, मला ते कुठलं वाचता येणार? पण पोरगी बोलली आहे, एवढं तर कळलं. बोललेल्या माणसाला तसंच सोडून द्यायचं? मजकुरावर बोट दाबून धरलं की अंगठा उमटतो, हे मंदाकिनीनंच शिकवलेलं. पहिल्याला दिला. खालच्याला दिला. एकेक अंगठा देत तळापर्यंत गेलो, फोन कपाटात ठेवला आणि चष्मा पुसत बसलो. मी आपला हं म्हणालो, दुसरं काय केलं?

आतून किंकाळी.

गार्गी बाहेर आली ती पांढरीफटक. "आजी ऑनलाइन आली. आजीनं उत्तर दिलं." सून विनया "काहीतरीच काय गं" म्हणत तिचा फोन बघायला गेली आणि बघून मटकन खाली बसली. देवदत्त म्हणे, "हॅक झालाय, हॅक." शेजारच्या प्रतिमाजी आवाज ऐकून आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "भाईसाहब, भाभीजी की आत्मा अटकी हुई है. कुछ कहना चाहती हैं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार? मी आपला हं म्हणालो.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तुला कळलं नाही? नाही कळलं. अंगठा मी दिला, तो माझ्या नावानं जाणार. गाडी कुणाचीही असो, चालवणारा मीच ना? मला कुठं ठाऊक, तिथं चालवणाऱ्याला कुणी विचारत नाही, गाडीचंच नाव लागतं. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. त्या कपाटाकडे पाठ करून बसवेना. वाटलं, हिला काय सांगायचं राहिलं? आणि मला सोडून पोरीला का सांगते?

गार्गी जेवेना. खोलीचं दार लावून बसली. शेवटी मी सुनेला म्हटलं, वाच, काय लिहिलं होतं ते. विनयानं भीतभीत कपाटातला फोन काढला आणि वाचायला लागली.

"आजी, सलोनीनं बोलणं बंद केलं. मी वाईट आहे का?" खाली अंगठा.

"सगळ्या म्हणतात, मी दगड आहे. खरंय का?" अंगठा.

"मी शाळेत जाऊच नको का?" अंगठा.

"तू असतीस तर तू पण माझ्याशी बोलली नसतीस ना?" अंगठा.

तेव्हा कुठं मला तो अंगठा ओळखू आला.

दार ढकलून आत गेलो. म्हटलं, "गार्गी, तो माझा आहे."

"काय तुमचा?"

"अंगठा."

"आजोबा... तुम्ही? मतलब, मी वाईट आहे, दगड आहे, शाळेत जाऊ नको, सगळ्याला हो?"

"हो नाही म्हणालो. हं म्हणालो. ऐकतोय म्हणून."

"तुम्हाला वाचताच येत नाही ते. मग ऐकलं काय?"

घाटात भरलेली गाडी कधी मागं आली नाही माझी. पण त्या प्रश्नाला मी मागं आलो. उगीच विचारलं, "ही सलोनी का रागावली?"

"काही नाही हो. तिची नानी ॲडमिट होती. तिनं इतका मोठा मेसेज लिहिला. मी ट्यूशनमध्ये होते, सर समोर होते, तर मी..." आणि थांबली. हातातल्या फोनकडे बघत राहिली.

"तू काय?"

"अंगठा दिला."

"सगळं वाचलं होतंस?"

"अर्धं. नंतर नीट लिहिणार होते. मग ती बोलली नाही. मग मी पण नाही."

"ऊठ. चप्पल घाल."

"आधी मेसेज करते ना."

"नाही."

सलोनी राहते खातीपुऱ्याला. टळटळीत उन्हात रिक्षानं गेलो. पोरगी फाटकात आली, हाताची घडी घालून. "क्या है?"

"नानी कैसी हैं?"

"अब पूछ रही है?"

"आधा ही पढ़ा था. क्लास में थी. अब तू बोल, मैं पूरा सुनूँगी."

मग ती बोलली. बोलता बोलता रडली. ही पण रडली. मी भिंतीच्या सावलीला उभा. शेवटी सलोनीनं नाक पुसत विचारलं, "ये कौन हैं?"

"मेरे दादाजी. ये भी ऐसे ही हैं."

दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मी आपला हं म्हणालो.

फोन आता माझ्याकडेच असतो. गार्गीनं दम दिलाय. "आजोबा, अंगठा बंद. मी बोलून पाठवणार, तुम्ही पूर्ण ऐकायचं, मग इथं दाबून धरायचं आणि तोंडानं बोलायचं." संध्याकाळी मंदाकिनीचा चेहरा पेटतो, आणि आतून आवाज येतो, "आजी..." फोनवर आजोबा म्हणत नाही ती. अजून नाही. मी पूर्ण ऐकतो. अंगावर काटा येतो, तरी ऐकतो. मग काय काय बोलायचं ते मनात जुळवतो, घसा साफ करतो, बटण दाबून धरतो आणि बोलतो.

हं.

तोही जातो मंदाकिनीच्याच नावानं, तिच्याच फोटोखालून. मी नुसता हं म्हणतो, जन्मभर तिची माझ्याविषयी एवढी एकच तक्रार होती, आणि आता तोच हं मी तिच्या तोंडून वदवतोय.