दोर बांधून आलेली नवरी

गाडी कोणती घ्यावी ते मला विचारू नका. आमची गाडी ज्या कंपनीची, तिच्या गाड्यांना पूर्वी मेकॅनिकचं तोंड बघावं लागत नसे. त्याच नावावर भुलून निवृत्तीनंतर मी नवी घेतली. आता मेकॅनिक आमच्या घरातल्या सगळ्यांची नावानिशी खुशाली विचारतो.

मुलीच्या साखरपुड्यासाठी आम्ही जयगडहून रत्नागिरीला निघालो आणि निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. चिपळूणचे व्याही हॉलवर येणार, आणि आम्ही रस्त्यात.

"घ्या, अजून घ्या नावाजलेली गाडी!" ही म्हणाली. पण पाहुण्यांसमोर पहिल्याच दिवशी नाचक्की होणार, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात मासळीचा एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्या सलीमने आमच्या गाडीकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता होडीचा जाडजूड दोर बाहेर काढला.

"दोर बरा जवळ ठेवतोस रे?" मी म्हणालो.

"काका, आधी माझ्याकडेपण हीच गाडी होती."

अशी आमची नवरी पैठणी नेसून बांगडे भरलेल्या टेम्पोमागून हॉलवर पोचली, तीही वेळेत. सलीमने चहाशिवाय काही घेतलं नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. लग्नाची पहिली पत्रिका त्यालाच दिली.

पण त्या दिवशी व्याही नेमके दारातच उभे होते. ते दोराकडे बघत राहिले. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले,

"संकोचू नका. आमचीपण हीच गाडी. आम्ही एस.टी.नं आलो."