सोनियाच्या गाण्यातली माझी हाक

न्हाई न्हाई, गाण्याला मी नावं ठेवत न्हाई! पोरगी माझीच हाय, सोनिया, सांगलीला शिकली, गळा गोड, आन् तिच्या पयल्यावयल्या अल्बममधल्या त्या गाण्यावर आज समदी नाचत्यात, मग बापाला काय वाईट वाटंल व्हय? छाती फुगती की! पन तुमाला सांगतो, त्या गाण्याच्या सुरवातीला, आन् मग दर कडव्याच्या आदी, त्यो जो बाबा ‘हुर्रर्रऽऽ याऽऽ याऽऽ’ करून वरडतो ना... त्यो मी हाय. आकाराम. मेंढरं राखणारा. आन् भानगड तितंच हाय.

तुमी म्हणाल, मग पेढं वाट की लेका, रडतोस कशाला? आवं, ते वरडणं न्हाई, ती हाक हाय! माझ्या बाची हाक, त्याच्या बाची हाक. कवठे महांकाळच्या पल्याड आमच्या कोरड्या रानात एका तळ्यावर चार कळप मिसळू द्या, मी कडंला हुबा ऱ्हाऊन एक हाक घालणार, माझी मेंढरं तेवढी भाईर निघून माझ्या मागं येणार, दुसऱ्याचं कोकरूसुदीक हलणार न्हाई. आन् बानं मरताना जमिनीचं काय सांगितलं न्हाई, पन येवढं सांगितलं, की आकाराम, हाक खोटी घालायची न्हाई. हाक घातली की म्होरं पानी पायजे, न्हाईतर चारा पायजे. एकदा फशिवलं की जनावर इस्वास ठिवत न्हाई. माणूस ठिवतो, दर पाच वर्सानं ठिवतो, पन जनावर न्हाई.

तर सोनिया घरी आल्याली, म्हणाली, बापू, एकदा हाक घाला, फोनमदी घेते, गाण्याला लागती. मी म्हणलं, उगंच मी हाक घालत नसतो. तर पोरीनं मक्याची पाटी आणून मेंढरांच्या म्होरं ठिवली. म्हणलं, आता खरी झाली, घे. घातली. मेंढरांनी मका खाल्ला, पोरगी सांगलीला गेली, मी इसरलो. तिकडं अनीश म्हणून तिच्यासंगं वाजवणारा पोरगा हाय, त्यानं माझ्या हाकंच्या मागं धाड् धाड् धाड् असं कायतरी जोडलं, वर सोनिया म्हणती, ‘मागं मागं ये, मागं मागं ये’... आन् उडालं की गाणं! गाण्याला मी नावं ठेवत न्हाई. पन मेंढरांना काय म्हाईत त्यो अल्बम हाय?

गावात एक वरात चालल्याली. मेंढरं निवांत चरत्यात, मी तंबाखू मळतोय, आन् एकाएकी सगळा कळप मान वर करून गेला की पळत! मी मागं, फेटा सुटल्याला... बगतो तर नवरदेव घोड्यावर, करवल्या सोनियाच्या त्याच गाण्यावर नाचत्यात, आन् करवल्यांच्या मागं माझी मेंढरं. नवरीचा बाप मला म्हणतो, पावणं, तुमी कुणाकडचं?

मग मी सोनियाला फोन लावला. लय बोललो. म्हणलं, ही हाक काढ त्यातनं, दिसभर जगभर खोटी बोंब मारतोय मी, ना चारा ना पानी. पोरीनं समदं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बापू, त्या गाण्यात तेवढंच आपलं हाय. बाकीचं समद्यांच्या गाण्यासारखंच हाय.’ आता बोला! डोळं भरून आलं माझं, खोटं कशाला बोलू. फोन ठिवला.

आन् मग आलं ते फाटक.

उसाच्या दिवसांत आमी मेंढरं घिऊन फलटणच्या अंगाला उतरतो. वाटंत रेल्वेचं फाटक लागतं. बंद व्हतं. मी कळप अलीकडं रोखला, माझी घरधनीन सुलाबाई बिऱ्हाडाचं घोडं घिऊन मागनं येत व्हती. समदं कसं शांत. म्होरकी मेंढी रवंथ करतीया, फाटकवाला हिरवा झेंडा घिऊन हुबा हाय. आन् पल्याडनं आला उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, टपावर येवढाले चार स्पीकर. डायवर सिद्धू म्हणून पोरगा, नाव मला मागनं कळलं. त्यो थांबला, आन् बटन दाबलं.

‘हुर्रर्रऽऽ याऽऽ याऽऽ!’

माझंच तोंड, चार स्पीकरातनं! म्होरकीनं कान टवकारलं, आन् दांड्याखालनं गेली सरळ रुळावर. एक गेली की मागं समदी जात्यात, मेंढरंच ती. मी जीव खाऊन हाक घातली. म्होरकी वळली. माझ्याकडं दोन पावलं आली, तवर तिकडनं पुन्ना ‘हुर्रर्रऽऽ’... ती तिकडं वळली. मी घातली, हिकडं वळली. हिकडनं बी मी, तिकडनं बी मी, आन् सगळा कळप मदी रुळावर गोल गोल! लांब वळणावर गाडीचा भोंगा वाजला. फाटकवाल्यानं हिरवा टाकून लाल झेंडा धरला, आन् गाडीच्या दिशेनं पळत सुटला.

मी सिद्धूला हातवारं करतोय, बंद कर, बंद कर रं! त्येला वाटलं मामा नाचतोय. त्यानं आवाज वाढिवला आन् बसल्या जागी त्यो बी नाचाय लागला! मी वाकून एकेकीला वढाय गेलो, तर एक वढली की दोन निसटत्यात. घसा फुटायची येळ आली. तुमाला सांगतो, तवा मला मेंढरांची किंमत आठवली न्हाई, म्होरकीचं डोळं मातर अजून आठवत्यात. ती माझ्याकडं बगत व्हती. कुठल्या आकारामाकडं येऊ, असंच जणू इचारत व्हती.

आन् मागनं सुलाबाई आली, घोडं सोडून. म्हणाली, ‘आवं, तुमी गप बसा!’

मी गप बसू? जनावर रुळावर आन् मालक गप? ती म्हणाली, दोघं वरडताय, एक गप बसल्याबिगर ती जायची कुटं? त्यो गाण्यातला काय गप बसत न्हाई. तुमी बसा.

लगीन झाल्यापासनं ही बाय मला गप बसा म्हणतीया, मंडळी, पन त्या दिवशी मी पयल्यांदा ऐकलं. तोंडावर हात दाबून धरला. गाडी दिसाय लागली. आन् तिकडनं माझा आवाज आला, ‘याऽऽ याऽऽ’, लय गोड आला... म्होरकीनं एकदा माझ्याकडं बगितलं. मी काय बोललो न्हाई. ती गेली. तिच्यामागं समदा कळप गेला, आन् धाडधाड करत मालगाडी मदनं सुरू झाली. गाडीवाल्यानं लाल झेंडा बगून हळू केल्याली, पन थांबती कुटली? आन् डबं काय संपंनात! मी आन् सुलाबाई वाकून चाकांच्या मदनं पल्याडचं पाय बगतोय. पाय दिसत्यात, पन समद्यांचं हायेत का? सुलाबाईनं माझा हात धरला व्हता. चारचौघात, आयुक्षात पयल्यांदा.

फाटक उघडलं. पळत गेलो. एकन् एक मेंढरू शाबूत! ट्रॉलीतनं सांडल्यालं उसाचं वाढं, ते हिरवं शेंडं, मटामटा खात व्हती. म्हंजे बगा, गाण्यानं हाक घातली आन् गाण्यानं चारा बी दिला! बानं सांगितल्याला नेम गाण्यानंच पाळला की!

सिद्धू खाली उतरला, म्हणला, मामा, तुमच्या मेंढरांस्नी बी गाणं आवडतंय की! मी म्हणलं, लेका, त्या गाण्यातला आवाज माझा हाय. त्यानं फेट्यापासनं पायताणापातूर मला न्याहाळलं. म्हणला, घाला बगू.

घातली. बाला आठवून, बेंबीच्या देठापासनं घातली. एका मेंढीनं मान वर केली न्हाई. तोंडात वाढं, कोण बगतंय?

सिद्धूनं माझ्या खांद्यावर हात ठिवला. म्हणला, ‘चांगला प्रयत्न हाय, मामा. पन गाण्यातल्यासारखं न्हाई जमलं.’

सुलाबाई हसली, तिला मी माफ केलं. सोनियाला मी अजून ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई, सांगणार बी न्हाई, न्हाईतर पोरगी खरंच हाक काढून टाकंल. गाण्याला मी नावं ठेवत न्हाई, मंडळी. पन आता रोज सकाळी सुलाबाईच्या फोनवर ते गाणं लावतो, कानाला लावून बसतो, आन् त्या गाण्यातला बाबा कसा वरडतो ते जरा शिकून घेतो.