पालवीचा रंग

उर्वी : आप्पा, उठू नका ना! दादा तिकडे मस्कतला कॉम्प्युटरसमोर ताटकळत बसलाय. आज त्याला सुट्टीचा अर्ज द्यायचाय. तुम्ही एक शब्द बोललात तर चैत्रात आंबे काढायला येईल, नाहीतर नाही. स्पष्ट लिहिलंय त्याने. हे बघा, इथे.

आप्पा : बघितलं.

उर्वी : कुठे बघितलंत? कालही असेच बसलात आणि उठून गोठ्यात गेलात.

आप्पा : मला नाही जमत तुमचं ते यंत्र. त्याला म्हणावं, पत्र पाठव.

उर्वी : पत्र येईस्तोवर अर्जाची मुदत जाईल! तो बाग सोडून नोकरीला गेला म्हणून किती वर्षं तोंड फिरवून बसणार आहात?

कमला : उर्वी, आवाज खाली. बापाशी बोलत्येस.

उर्वी : मग आई, तू समजाव ह्यांना. मी एवढी खटपट केली. कॉलेजात मी तो प्रोग्रॅम केला ना, त्याला फोटो दिला की तो त्यातलेच रंग वेचतो आणि सगळा पडदा त्या रंगांत सजवतो. खिडक्या, पट्ट्या, अक्षरं, सगळं. म्हटलं, आप्पांना यंत्र परकं वाटायला नको. म्हणून आपल्या बागेचाच फोटो स्कॅन करून आणला.

कमला : अगो, विहिरीजवळचं कलम ना हे? पालवी काय सुरेख आल्ये! तांबडीलाल!

उर्वी : तीच तर गंमत. मागे पानांचा हिरवा आणि त्यावर पालवीच्या लाल रंगाची अक्षरं. दादाने लिहिलेलं सगळं त्याच लाल रंगात उमटतं.

कमला : हिरव्यावर लाल?

उर्वी : हो. का गं?

कमला : अहो, वाचून दाखवा बघू शौनकने काय लिहिलंय ते.

आप्पा : तू चहा टाक आधी.

कमला : चहा होईल. वाचा.

आप्पा : चष्मा कुठे ठेवला कोण जाणे.

उर्वी : आप्पा, चष्मा डोळ्यांवर आहे.

कमला : सांगून टाका हो आता. पोरीला वाटतंय बाप हट्टी आहे. तिकडे मुलालाही तेच वाटत असेल.

(आप्पा खुर्ची ओढून पुन्हा बसतात.)

आप्पा : काय सांगायचं त्यात? लाल आणि हिरवा मला सारखाच दिसतो. लहानपणापासनं. तू म्हणतेस इथे अक्षरं आहेत. मला नुसती पाटी दिसते, कोरी.

उर्वी : पण आप्पा, तुम्ही आंब्याचे बागायतदार आहात!

आप्पा : म्हणून तर बोललो नाही. आंबा पिकला की कच्चा हे ह्याला रंगावरनं कळत नाही, असं बाजारात पसरलं असतं तर? दलालांनी नाचवलं असतं मला.

कमला : म्हणून तर गवतात अढी घातली की त्यात नाक खुपसून आंबे निवडतात. गावाला वाटतं, केवढी ती पारख! आपला गडी धोंडू, डोळे चांगले धडधाकट, तोसुद्धा आता वास घेऊनच निवडतो.

उर्वी : आणि तुला कधी कळलं?

कमला : शौनकच्या वेळी. डोहाळजेवणाला हिरवी साडी हवी म्हणून हे हौसेने स्वतः जाऊन घेऊन आले. घडी उलगडली तर विटकरी! तीच नेसले. सासूबाई महिनाभर बोलत होत्या.

आप्पा : विटकरी होती ती?

कमला : कौलासारखी.

आप्पा : आजवर कधी बोलली नाहीस?

कमला : तुम्ही किती खुशीत होतात तेव्हा!

उर्वी : म्हणजे आप्पा, तुम्ही दादावर रागावलेले नाही?

आप्पा : गेला तेव्हा होतो. आता कसला राग? रोज संध्याकाळी ह्या खुर्चीत येऊन बसतो ते उगाच? वाटायचं, आज तरी काही दिसेल.

उर्वी : आणि मी तुमच्यावर ओरडत होत्ये. चूक माझीच आहे, आप्पा. थांबा, पांढऱ्यावर काळं करून देत्ये, पेपरसारखं.

आप्पा : नको. बाग राहू दे. तू हौसेने केलंयस. बाग ठेवून काही जमतं का, ते बघ.

उर्वी : जमायला हवं. माझा प्रोग्रॅम एवढंच बघतो की दोन रंग वेगळे आहेत ना. एक गडद आणि एक फिका आहे का, हे मी त्याला बघायला सांगितलंच नाही. आता हे बघा, फोटोतला रंगच काढून टाकत्ये. जुन्या टीव्हीसारखा.

कमला : अगो बाई, पालवी गेली!

उर्वी : गेली नाही, पानांत मिसळली. दोन्ही सारखीच गडद आहेत ना.

आप्पा : एवढं काळंपांढरंही काही दिसत नाही हो. मला आकाश चांगलं निळं दिसतं.

उर्वी : आकाश! हे काय, फांद्यांतून जरासं दिसतंय. जरासंच म्हणून प्रोग्रॅमने सोडून दिलं होतं. आता त्याला सांगत्ये, मागे गडद पानं ठेव आणि अक्षरांना फोटोतलं सगळ्यांत फिकं असेल ते घे.

कमला : तिकडे शौनक उठून जाईल गो.

उर्वी : लिहिलं त्याला, आप्पा येतायत, हलू नको. हं, झालं. आप्पा, आता?

आप्पा : ‘आप्पा, बागेत पालवी आली का?’ हे त्याने लिहिलंय?

उर्वी : रोज ह्याच वाक्याने सुरुवात करतो. आप्पा, तुम्ही वाचलंत!

आप्पा : ‘तुम्ही बोलावलंत तर येतो. नाही बोलावलंत तर काय ते समजेन.’ काय समजणार आहे, गाढव!

उर्वी : तुम्ही सांगा, मी टाइप करत्ये.

आप्पा : सरक. माझं मी लिहितो. एकेक अक्षर शोधायला वेळ लागेल.

कमला : लागू दे.

उर्वी : हं, झालं ना लिहून? आता हे बटण दाबलं की जाईल. पण आधी मोठ्याने वाचा ना, आप्पा.

आप्पा : ‘पालवी आली आहे. तुझी आई म्हणते लाल आहे. मला ती कधीच दिसली नाही. चैत्रात ये आणि कशी असते ते सांग.’